बंद पडला नव्हे, बंद पाडला : ड्रेस्डेनच्या एका कामगार फुटबॉल क्लबाविषयी क्रीडा संपादकांना खुलं पत्र

मराठी दैनिकांच्या आणि साप्ताहिकांच्या क्रीडा विभागातले संपादक, वार्ताहर आणि स्तंभलेखक यांना,

स. न. वि. वि.

विश्वचषक किंवा युरो जवळ आला की तुमच्या पानांवर जर्मन फुटबॉलचा इतिहास येतो. शाळेत असल्यापासून मी ती कात्रणं वहीत चिकटवत आलो आहे. १९५४ चा बर्नमधला पाऊस, १९७४ चा बेकेनबाउअर, १९९० ची ब्रेमेची पेनल्टी हे सगळं मला तुमच्यामुळेच कळलं. तेव्हा हे पत्र भांडणाचं समजू नका. वर्षानुवर्षं चालत आलेली एक चूक तुम्ही मनावर घेतलीत तर दुरुस्त होईल, एवढ्यासाठीच लिहितो आहे.

१९३३ पूर्वीच्या जर्मन विजेत्यांचा तक्ता छापताना आपण प्रत्येक वर्षापुढे एकच नाव देतो. १९२४ न्यूर्नबर्ग, १९२५ न्यूर्नबर्ग, १९२६ फ्युर्थ, १९२७ पुन्हा न्यूर्नबर्ग. हा तक्ता जर्मन फुटबॉल महासंघाचा, म्हणजे डीएफबीचा आहे आणि तेवढ्यापुरता तो बरोबरच आहे. पण त्याच चार वर्षांत जर्मनीत कामगारांच्या क्रीडासंघटनेचं स्वतंत्र राष्ट्रीय अजिंक्यपद होत होतं. ते चारही वेळा एकाच क्लबाने जिंकलं. त्या क्लबाचं नाव ड्रेस्डनर स्पोर्टफेराइन १९१०, लोकांच्या तोंडी डीएसव्ही १०. सलग चार वर्षं देशपातळीवरचं विजेतेपद मिळवणारा हा क्लब आपल्या एकाही तक्त्यात नाही.

कुठे चुकून उल्लेख आलाच, तर एका ओळीत येतो: ‘हा क्लब १९३३ मध्ये बंद पडला.’ माझं सगळं म्हणणं या ‘पडला’बद्दल आहे.

माझे मामा लालबागला राहायचे, गिरणीत साचा खात्यात होते. गिरण्या बंद पडल्या असं आम्हा भाचरांपैकी कोणी म्हटलं की ते हातातला कप खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “पडल्या म्हणू नको रे. भिंत पडते, पाऊस पडतो. गिरणी पाडतात.” ड्रेस्डेनच्या या क्लबाची माहिती जमवताना मला मामांचं हे वाक्य रोज आठवत होतं. डीएसव्ही १० ला प्रेक्षक नव्हते म्हणून तो संपला नाही. खेळाडू मिळेनात, पैसा आटला, संघ हरू लागला, यातलं काहीही झालं नव्हतं. संपण्याच्या दोनच वर्षं आधी तो पुन्हा एकदा विजेता ठरला होता. त्याला सरकारने संपवलं.

गोष्ट थोडी मागून सांगायला हवी. जर्मनीत समाजवाद्यांवरची कायदेशीर बंदी १८९० मध्ये उठली. तोवर व्यायामशाळांचं सगळं जग कैसरनिष्ठ, राष्ट्रवादी मंडळींच्या हातात होतं आणि कामगाराला तिथे खालच्या मानेने वावरावं लागायचं. १८९३ मध्ये गेरा या गावी कामगारांनी आपला वेगळा व्यायाम महासंघ काढला. जुन्या आखाड्यांचं ब्रीद होतं ‘फ्रिश, फ्रॉम, फ्रोलिश, फ्राय’, म्हणजे ताजेतवाने, श्रद्धाळू, आनंदी, मुक्त. कामगारांनी त्यातले ‘श्रद्धाळू’ आणि ‘आनंदी’ काढले आणि ‘बलवान’ आणि ‘एकनिष्ठ’ घातले. ‘गूट हाइल’ या जुन्या नमस्काराच्या जागी ते एकमेकांना ‘फ्राय हाइल’ म्हणू लागले. शब्दांतला हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. कोणाच्या अंगणात, कोणाच्या परवानगीने आपण खेळतो हे त्यांना पक्कं कळलेलं होतं.

फुटबॉलला मात्र या मंडळींनी सुरुवातीला जवळ केलं नाही. इंग्रजी, आडदांड, चुरशीचा खेळ. त्याने एकोपा वाढण्याऐवजी मारामाऱ्या वाढतील अशी जुन्या कार्यकर्त्यांना धास्ती होती. पण वस्त्यांमधली पोरं चेंडूमागे धावतच होती. मग १९१८ च्या नोव्हेंबरात क्रांती झाली आणि त्या पाठोपाठ आठ तासांचा कामाचा दिवस आला. जर्मन फुटबॉलच्या इतिहासात कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा या एका हुकुमाने जास्त खेळाडू घडवले असं माझं मत आहे. दिवसाचे दहा-अकरा तास भट्टीपाशी उभा राहणारा माणूस संध्याकाळी सराव कसला करणार? १९१९ मध्ये महासंघाने नावात ‘क्रीडा’ हा शब्द घेतला आणि तो ‘आर्बायटर टुर्न उंड स्पोर्टबुंड’ झाला. सभासद पुढे पाच लाखांच्या वर गेले आणि लाइपझिगमध्ये त्यांनी स्वतःची मध्यवर्ती प्रशिक्षणशाळा बांधली.

१९२० पासून महासंघ राष्ट्रीय अजिंक्यपद खेळवू लागला. पहिला मान फ्युर्थच्या कामगार संघाला मिळाला. पुढची तीन वर्षं लाइपझिगच्या श्टोटेरिट्झ वस्तीतल्या क्लबाने गाजवली. आणि १९२४ मध्ये ड्रेस्डेनचा काळ सुरू झाला. अंतिम सामन्यांचे नुसते निकाल बघा. १९२४ मध्ये ब्रेस्लाऊच्या ‘श्टेर्न’ संघावर ६-१. १९२५ मध्ये त्याच संघावर ७-०. १९२६ मध्ये फोर्स्ट या कापडगिरण्यांच्या गावातल्या संघावर ५-१. १९२७ मध्ये न्यूर्नबर्ग-वेस्टवर ४-१. चार अंतिम सामन्यांत २२ गोल केले आणि ३ खाल्ले. आजच्या काळात एखाद्या संघाने असं केलं असतं, तर तुम्ही पुरवणी काढली असती.

क्लबाचा पैसा कुठून यायचा तेही सांगतो, कारण ते मी हातात धरून पाहिलं आहे. कामानिमित्त तीन वर्षं मी ड्रेस्डेनला होतो. एल्बे नदीच्या काठी दर शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे एका टेबलावर, चमचे आणि पोस्टकार्डांच्या मध्ये, मला तळहाताएवढं एक सदस्य पुस्तक मिळालं. डीएसव्ही १० चं नव्हे, ड्रेस्डेनच्याच एका दुसऱ्या कामगार क्रीडासंघाचं. आत महिन्यागणिक चौकोन छापलेले आणि प्रत्येक चौकोनात वर्गणी भरल्याचं एकेक छोटं तिकीट डकवलेलं. काही तिकिटं वाकडी, काहींच्या कडेला डिंक पिवळा पडलेला, एका पानावर बोटाचा तेलकट ठसा. एक वर्ष मध्येच तीन महिने मोकळे आहेत. बहुधा माणूस बेकार झाला असेल. त्यानंतर पुन्हा तिकिटं सुरू होतात. शेवटचं तिकीट फेब्रुवारी १९३३ चं आहे. त्यापुढचे चौकोन कोरे.

हे पुस्तक मी कामाच्या टेबलाच्या खणात ठेवलं आहे. कामगार क्लब म्हणजे काय हे मला याच्याइतकं कशानेच कळलं नाही. हा क्लब कोणा शेठजीने काढलेला नसायचा. आपल्याकडे कूपरेजवर मफतलालचा संघ गाजला, ऑर्के मिल्सचा गाजला. चांगले संघ होते, पण ते कंपनीचे होते. कंपनीने हात आखडला की संघ संपला. जर्मनीतल्या कामगार संघटना कारखानदारांनी चालवलेल्या अशा क्लबांना कसून विरोध करायच्या, कारण त्यांना ठाऊक होतं की जर्सी देणारा उद्या संपाच्या वेळी जर्सीची आठवण करून देणार. त्यांचं मैदान सभासदांनी रविवारी फावडी घेऊन सपाट केलेलं असायचं आणि चेंडू या तिकिटांच्या पैशातून यायचा.

आता एक गोष्ट खास परराष्ट्रीय सामन्यांवर लिहिणाऱ्यांसाठी. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला १९२० आणि १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये येऊ दिलं नव्हतं. डीएफबीचा जर्मन संघ फ्रान्सशी पहिल्यांदा खेळला तो १५ मार्च १९३१ रोजी, पॅरिसमध्ये, आणि १-० असा हरला. आपण तो ‘फ्रान्स-जर्मनी पहिला सामना’ म्हणून छापतो. पण त्याच्या सात वर्षं आधी, १९२४ मध्ये, फ्रान्स आणि जर्मनीच्या कामगारांचे संघ पॅरिसमध्येच एकमेकांशी खेळले होते. पहिल्या महायुद्धातली फ्रेंच आणि जर्मनांमधली व्हर्दूंची लढाई संपून आठ वर्षंही झाली नव्हती. समोरच्या संघातला माणूस कदाचित समोरच्या खंदकातला असेल, अशी ती पिढी. जर्मन हरले. मला त्या हरण्याचं काही वाटत नाही. ते गाडीत बसून तिथे गेले आणि फ्रेंच कामगारांनी त्यांना मैदान दिलं, याचं वाटतं.

१९२५ च्या जुलैत फ्रँकफर्टला कामगारांचं ऑलिंपिक भरलं. ज्या वाल्डश्टाडियोनमधून तुमच्यापैकी काहींनी २००६ च्या विश्वचषकाची आणि २०२४ च्या युरोची वार्तापत्रं पाठवली, तेच हे मैदान. त्या वर्षी ते नुकतंच बांधून झालं होतं. देशांची राष्ट्रगीतं नव्हती, देशांचे झेंडे नव्हते. सगळ्यांचा एकच लाल झेंडा आणि ‘पुन्हा युद्ध नको’ ही घोषणा. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात जर्मन कामगार संघाने फिनलंडला २-० असं हरवलं.

एवढं सगळं असून नावं का उरली नाहीत, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. याला थोडी त्या चळवळीची शिकवणही कारणीभूत आहे. एका खेळाडूला डोक्यावर घेऊन नाचायचं नाही, गोल संघाचा असतो, असं तिथे मानलं जायचं. तत्त्व म्हणून मला ते पटतं. पण इतिहासाच्या दृष्टीने त्याची किंमत फार मोठी पडली. ज्यांनी स्वतःचा उदो उदो केला नाही, त्यांच्यासाठी नंतर बोलायला कोणी उरलंच नाही.

एक नाव मात्र उरलं आणि ते तुमच्या वाचकांना घरच्यासारखं आहे. हँबर्गच्या ‘लोरबेअर ०६’ या कामगार क्लबाने १९२९ आणि १९३१ मध्ये अजिंक्यपद जिंकलं. त्यांचा आघाडीचा खेळाडू होता गोदी कामगार एर्विन झेलर. १९३१ च्या व्हिएन्नातल्या कामगार ऑलिंपिकमध्ये हंगेरीविरुद्ध एकट्याने सात गोल करणारा. १९६६ च्या वेंब्लीवरचा जर्मन कर्णधार उवे झेलर हा त्याचा मुलगा. उवेबद्दल आपण किती लिहिलं! वडिलांबद्दल लिहिलंच तर ‘तेही खेळायचे’ एवढंच. १९३२ मध्ये एर्विन झेलर व्हिक्टोरिया या बड्या, बिगरकामगार क्लबात गेला तेव्हा हँबर्गच्या समाजवादी वृत्तपत्राने त्याला वाट चुकलेला कामगार म्हणून फटकारलं. मला हे अन्यायाचं वाटतं. मंदीचे दिवस होते, गोदीत काम मिळेल याची रोज खात्री नव्हती. ज्याच्या घरात चूल पेटवायची होती, त्याला निष्ठेचा धडा छापील अक्षरांत द्यायला नको होता.

आणि चळवळीची यापेक्षा मोठी चूकही झाकायला नको. विसाच्या दशकाच्या शेवटी समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यात उभी फूट पडली. कम्युनिस्ट समाजवाद्यांना फॅसिस्टांचे भाऊ म्हणू लागले, महासंघ कम्युनिस्ट प्रभावाखालच्या क्लबांना बाहेर काढू लागला. कालपर्यंत एकमेकांविरुद्ध खेळणारे, एकाच कारखान्यात काम करणारे संघ दोन वेगवेगळ्या स्पर्धांत विभागले गेले. डीएसव्ही १० ‘लाल क्रीडा ऐक्य’ म्हणवणाऱ्या कम्युनिस्ट बाजूला गेला आणि १९३१ मध्ये त्या संघटनेच्या अंतिम सामन्यात बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागातल्या ‘श्पार्टा’ला ३-२ असं हरवून विजेता ठरला. त्याच वर्षी दुसऱ्या बाजूला लोरबेअर विजेता होता. हे दोन संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले असते तर काय सामना झाला असता! नाझी रस्त्यावर उतरलेले असताना कामगारांचे दोन सर्वोत्तम संघ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं.

२७ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री राइशटागला, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीला आग लागली. दुसऱ्याच दिवशी नागरी हक्क गुंडाळणारा हुकूम निघाला. कम्युनिस्टांशी जोडलेल्या संघटनांवर पहिला घाव पडला, आणि मार्चमध्ये लाइपझिगची महासंघाची शाळाही नाझींनी ताब्यात घेतली. मे आणि जुलैमध्ये कायदे करून ‘राष्ट्रविरोधी’ ठरवलेल्या संघटनांची मालमत्ता सरकारजमा करण्यात आली. फावड्याने सपाट केलेली मैदानं, तिकिटांच्या पैशातून घेतलेले चेंडू, गोलपोस्ट, कपाटातले चषक, सगळं. ज्याला खेळत राहायचं होतं त्याने एकेकट्याने, आपण आता ‘त्यातले’ नाही याची हमी देऊन, दुसऱ्या क्लबाच्या दारात उभं राहायचं. डीएसव्ही १० तेव्हा २३ वर्षांचा होता. सदस्य पुस्तक घरात सापडणं धोक्याचं झालं. माझ्या खणातलं पुस्तक कोणी, कुठे, कशाखाली लपवून ठेवलं असेल याचा मी कितीदा तरी विचार केला आहे.

त्या लाल क्रीडा संघटनेचा प्रमुख एर्न्स्ट ग्रूबं हा राइशटागचा सदस्य होता. १९४५ च्या एप्रिलमध्ये, युद्ध संपायला काही आठवडे असताना, तो बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत मेला. मागडेबुर्गच्या जुन्या मैदानाला त्याचं नाव होतं. १९७४ मध्ये एसी मिलानला २-० ने हरवून युरोपियन कपविनर्स चषक जिंकणारा मागडेबुर्ग, तोच. कामगार क्रीडा चळवळीतून आलेला मल्ल व्हेर्नर झेलेनबिंडर १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि २४ ऑक्टोबर १९४४ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला.

युद्धानंतर सोव्हिएत अमलाखालच्या भागात जुने क्लब जुन्या नावांनी उभे करायला परवानगी नव्हती. पूर्व जर्मनीने ग्रूबं आणि झेलेनबिंडर यांची नावं मैदानांना दिली, पण क्लब परत दिले नाहीत. डीएफबीच्या यादीत ड्रेस्डेनचं नाव १९४३ आणि १९४४ या दोन वर्षांपुढे दिसतं. तो ड्रेस्डनर एससी, शहरातला दुसरा, वेगळा क्लब. आपल्या एका तक्त्यात या दोघांची गल्लत झालेली मी पाहिली. त्या विभागाला दोनदा पत्र पाठवलं, एकदा फोन केला. “इतक्या जुन्या गोष्टीला जागा नाही हो” असं उत्तर मिळालं. बोलणारी व्यक्ती नम्र होती आणि तिची अडचण खरी होती हेही मला मान्य आहे. तरी खेळपट्टीच्या ओलाव्यावर अर्धं पान निघतं तिथे एक ओळ निघू नये, हे मनाला लागलं. म्हणून हे पत्र सगळ्यांना लिहितो आहे.

मागणं मोठं नाही. १९३३ पूर्वीचा जर्मन विजेता लिहाल तेव्हा तो कोणत्या संघटनेचा हे सांगा. ‘डीएफबी विजेता’ म्हणायला एकच शब्द जास्त लागतो. जर्मनीत तेव्हा कॅथलिक युवक संघटनेची आणि जुन्या व्यायाम महासंघाचीही अजिंक्यपदं होत होती, त्यामुळे वाचकाला चित्र पुरं दिसेल. उवे झेलरवर पुढचा लेख कराल तेव्हा व्हिएन्नातले सात गोल त्यात येऊ द्या. फ्रान्स-जर्मनी सामन्यांचा लेखाजोखा मांडाल तेव्हा १९२४ चं पॅरिस विसरू नका. तुमच्यापैकी जे फुटबॉलवर पुस्तकं लिहिता त्यांनी या क्लबासाठी निदान एक पान ठेवावं.

आणि डीएसव्ही १० बद्दल लिहाल तेव्हा क्रियापद जपून निवडा. मी सुचवतो ती ओळ अशी: ‘ड्रेस्डनर एसव्ही १९१०, कामगार महासंघाचे विजेते १९२४, १९२५, १९२६, १९२७, लाल क्रीडा संघटनेचे विजेते १९३१, नाझी राजवटीने १९३३ मध्ये बंद पाडला.’ कामगार महासंघाच्या १९२० ते १९३२ या तेराही वर्षांच्या विजेत्यांचा आणि अंतिम सामन्यांच्या निकालांचा तक्ता मी मराठीत तयार करून ठेवला आहे. एका स्तंभात मावतो, मोजून पाहिला आहे. ज्यांना हवा असेल त्यांना विनामोबदला पाठवीन, माझं नाव छापायची गरज नाही.

आपला नम्र,
एक जुना वाचक
पुणे